मध्य प्रदेशात राहायला येताय? आधी नकाशा उघडा

पुण्या-मुंबईहून बदली होऊन किंवा नवी नोकरी धरून इंदूरला येणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. घर कुठल्या भागात घ्यावं, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, गोडा मसाला मिळतो का? मिळतो. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये चौकशी केलीत की मसाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांचे पत्ते मिळतात. पण आपण येतोय ते राज्य कुठून कुठपर्यंत पसरलंय, हे मात्र कोणी विचारत नाही. इथे इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

मध्य प्रदेश म्हणजे प्रचंड मोठं राज्य, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते जुन्या नकाशामुळे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळं होईपर्यंत हे देशातलं सर्वांत मोठं राज्य होतं, क्षेत्रफळ सुमारे 4,43,000 चौरस किलोमीटर. आता ते 3,08,000 च्या थोडं वर आहे. राजस्थान पहिलं, मध्य प्रदेश दुसरं आणि 3,07,713 चौरस किलोमीटरचा आपला महाराष्ट्र तिसरा. दोघांतला फरक साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आतच, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. माणसं मात्र बरीच कमी. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सव्वासात कोटींच्या आसपास होती, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. देशात सर्वांत जास्त जंगलही इथेच आहे. त्यामुळे दोन शहरांमध्ये मोकळी जागा फार. रात्री गाडी चालवायची सवय असेल तर पेट्रोल आणि जेवण दोन्हींचा विचार शहर सोडण्याआधी करा.

राज्याचा आकार आडवा आहे. पूर्व-पश्चिम सुमारे 870 किलोमीटर, दक्षिण-उत्तर सुमारे 605. भारताची प्रमाणवेळ ज्या 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ते पूर्व टोकाच्या सिंगरौली जिल्ह्यातून जातं, आणि पश्चिमेचा अलीराजपूर जिल्हा गुजरातला टेकलेला. घड्याळ एकच, पण सिंगरौलीत उगवलेला सूर्य अलीराजपूरला पोहोचायला अर्धा तास उशीर होतो. इंदूरवाल्याला रस्त्याने मुंबई सहाशे किलोमीटरच्या आत आहे, सिंगरौली त्याहून कितीतरी लांब. म्हणून कंपनीच्या पत्रात ‘पोस्टिंग : मध्य प्रदेश’ एवढंच लिहिलं असेल तर आधी जिल्हा विचारा. झाबुआ आणि रीवा यांच्यात भाषा, जेवण, हवा, पोहोचायची गाडी, सगळंच वेगळं.

सीमा पाच राज्यांशी आहेत. पश्चिमेला गुजरात, वायव्येला राजस्थान, उत्तरेला आणि ईशान्येला उत्तर प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड आणि दक्षिणेला महाराष्ट्र. समुद्र नाही, परदेशाची हद्द नाही. शाळेत एवढं पाठ केलं तर गुण मिळतात, पण प्रत्यक्षात या रेषा अशा वेड्यावाकड्या आहेत की रेल्वेत बसल्यावर गंमत कळते. भोपाळहून ग्वाल्हेरला निघा. बीना मध्य प्रदेशात, ललितपूर उत्तर प्रदेशात, झाशीही उत्तर प्रदेशात, लगेच दतिया परत मध्य प्रदेशात, मग ग्वाल्हेर. ललितपूर जिल्ह्याला तर तिन्ही बाजूंनी मध्य प्रदेशच आहे. चित्रकूट हे एकच तीर्थक्षेत्र दोन राज्यांत वाटलेलं: रामघाट उत्तर प्रदेशात, गुप्त गोदावरी मध्य प्रदेशात. तिथे हॉटेल घेताना पत्त्यात सतना जिल्हा लिहिलाय की चित्रकूट जिल्हा, ते बघून घ्या. उत्तरेला मुरैना-भिंडकडे चंबळ नदीच बराच अंतर हद्द आखून देते. आणि ही चंबळ उगम पावते ती आमच्या इंदूरजवळ, महूच्या पलीकडच्या जानापावच्या डोंगरावर.

आता आपली दक्षिण सीमा. महाराष्ट्राचे नंदुरबार, धुळे, जळगाव, बुलढाणा, अमरावती, नागपूर, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे इथे टेकतात. नंदुरबारच्या वर थोड्या अंतरापुरती नर्मदाच दोन राज्यांमधली रेषा होते. धुळ्याहून एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, आलात तर शिरपूरनंतर पळासनेर हे महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं गाव, मग बिजासनचा घाट आणि वर सेंधवा. रावेरकडून आलात तर बऱ्हाणपूर. नागपूरकडून सौंसर, पांढुर्णा. या पट्ट्यात मराठी बोलली जाते म्हणून हुरळून जाऊ नका आणि नवलही करू नका. 1956 पूर्वी नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि इकडे मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल जोडून नवं राज्य झालं. रेषा कागदावर ओढली गेली, सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमार होते, म्हणजे एकमेकांवर दगड मारायची जुनी प्रथा. बघायला जायचा मोह होईल. माझा सल्ला विचाराल तर जाऊ नका, तिथे दगड खरेच लागतात.

आपल्या नद्यांचे उगमही याच बाजूला. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून निघते, वर्धाही त्याच परिसरातली, आणि वैनगंगा शिवनी जिल्ह्यातली. विदर्भ-खानदेशची माणसं इथल्या पावसाची बातमी लक्ष देऊन का ऐकतात, ते यावरून कळेल.

इंदूर स्वतः विंध्याच्या उत्तर अंगाला, माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. दक्षिणेला घाट उतरलात की निमाड, तिथला उन्हाळा खानदेशासारखाच भाजून काढणारा. माळव्यात दुपार तापते, पण रात्री बहुधा वारा सुटतो. नळाचं पाणी मात्र खालून येतं: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदा विंध्यावर चढवून. म्हणजे इंदूरकर पितात ते अरबी समुद्राला जाणाऱ्या नदीचं पाणी, आणि शहराचं सांडपाणी खान, क्षिप्रा, चंबळ, यमुना असं करत गंगेला. घर बघताना घरमालकाला एक प्रश्न हमखास विचारा: नर्मदेचं कनेक्शन आहे की नुसतं बोअरिंग? नव्या कॉलन्यांमध्ये हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा.

आणखी एक सवय सोडायची. महाराष्ट्रात सगळ्या वाटा मुंबईकडे जातात, इथे तसं एकच मोठं शहर नाही. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला आणि त्याची खंडपीठं इंदूर व ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. वीज कंपन्याही दिशांनुसार तीन: इंदूर-उज्जैनकडे पश्चिम क्षेत्र, भोपाळ-ग्वाल्हेरकडे मध्य क्षेत्र, जबलपूर-रीवाकडे पूर्व क्षेत्र. बिल भरताना ॲपमध्ये चुकीचं क्षेत्र निवडलं की तुमचा ग्राहक क्रमांक सापडतच नाही आणि माणूस विनाकारण घाबरतो.

रेल्वेचंही तसंच. इंदूर पश्चिम रेल्वेत, भोपाळ-जबलपूर पश्चिम मध्य रेल्वेत, खांडवा-बऱ्हाणपूर मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. इंदूरहून मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेस रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातचा वळसा घालून जाते. नकाशात सरळ खाली दिसणारी मुंबई रेल्वेला सरळ नाही, कारण मध्ये विंध्य, नर्मदा आणि सातपुडा आडवे पडलेत. इंदूर-मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली. तो होईल तेव्हा होईल, तोवर धुळे-नाशिककडे जायला रात्रीची बसच सोयीची. तिकीट काढताना नावंही सांभाळा: महूचं स्टेशन आता डॉ. आंबेडकर नगर, भोपाळचं हबीबगंज आता राणी कमलापती, होशंगाबाद आता नर्मदापुरम. रिक्षावाले जुनीच नावं घेतात.

कागदपत्रांत समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, हा प्रकार तुम्हाला नवा असेल. तो फक्त याच राज्यात आहे, कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकडी. शाळेत मागतात, सरकारी योजनांना मागतात. भाडेकरार आणि आधार घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात आल्या आल्या चौकशी करा, दाखल्याच्या हंगामात तिथे रांग लागते. ‘एमएच’ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र घेऊन इथे नोंदणी करावी लागते. इंदूरचा क्रमांक एमपी 09, भोपाळचा एमपी 04. देशभर चालणाऱ्या ‘बीएच’ मालिकेची पाटी असेल तर ही कटकट नाही.

सुट्ट्यांचं गणितही बदलतं. 1 मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी इथे नाही, राज्याचा स्थापना दिवस 1 नोव्हेंबरला असतो. रंगपंचमीला मात्र इंदुरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते. त्या दिवशी राजवाड्याच्या आसपास गाडी नेऊ नका, आणि जायचंच असेल तर टाकायचे कपडे घालून पायी जा.