अमेरिकेतल्या काउंटीचे मासिक आकडे कसे वाचावेत

काउंटीतली (काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बेरोजगारी मागच्या महिन्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने वाढली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बीएलएस, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा कामगार सांख्यिकी विभाग, काउंटीचे आकडे देताना हंगामी चढउतार वजा करत नाही. उन्हाळ्यात शाळा बंद होतात, सणांपुरती घेतलेली माणसं जानेवारीत कमी होतात, थंडीत बांधकाम मंदावतं. हे सगळं आकड्यात तसंच उतरतं. त्यामुळे तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी: मे २०२४ समोर मे २०२३.

तक्ता मांडताना आधी काउंटीचा पाच अंकी फिप्स कोड, म्हणजे तिचा सरकारी ओळख क्रमांक, घ्या. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. लॉस एंजेलिसचा कोड ०६०३७. स्प्रेडशीट सुरुवातीचं शून्य खाऊन टाकते आणि मग दोन तक्ते जुळत नाहीत, म्हणून फाइल उघडतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. कनेक्टिकटसाठी जनगणना विभागाने २०२२मध्ये काउंट्यांऐवजी नियोजन प्रदेश स्वीकारले. तिथली जुनी मालिका नवीला थेट जोडू नका.

बेरोजगारीचा दर एकटा कधीच पाहू नका; शेजारी श्रमशक्ती (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) आणि रोजगार हे दोन रकाने हवेतच. समजा, श्रमशक्ती २०,००० आणि बेरोजगार ९००, म्हणजे दर ४.५ टक्के. त्यातल्या ३०० जणांनी काम शोधणंच सोडलं, तर श्रमशक्ती १९,७०० होते, बेरोजगार ६०० उरतात आणि दर ३ टक्क्यांवर येतो. काम करणारे मात्र आधीही १९,१०० आणि आताही १९,१००. मथळ्यात ‘सुधारणा’ छापून येते ती अशी.

बेरोजगारीचा हा आकडा काउंटीत राहणाऱ्यांचा असतो, मग ते नोकरीला कुठेही जावोत. काउंटीत नोकऱ्या किती आहेत ते पाहायचं तर क्यूसीईडब्ल्यू, म्हणजे बीएलएसची रोजगार आणि पगाराची तिमाही गणना, घ्या. मालक बेरोजगारी विम्यासाठी जी विवरणपत्रं भरतात त्यातून ही मोजणी होते, त्यामुळे ती भरवशाची. आकडे महिन्यावार असले तरी तिमाहीने आणि काही महिने उशिरा येतात. स्वयंरोजगार करणारे त्यात नसतात. छोट्या काउंटीत एखाद्या उद्योगात दोन-तीनच मालक असले की गोपनीयतेसाठी आकडा झाकला जातो. त्या जागी शून्य भरलंत तर पुढची सगळी बेरीज चुकते.

दोन्ही मोजण्या महिन्याच्या १२ तारखेभोवती फिरतात: बेरोजगारीच्या मोजणीत ती तारीख असलेला आठवडा, क्यूसीईडब्ल्यूत ती तारीख असलेला पगाराचा कालावधी. २० तारखेला पूर आला, तर त्या महिन्याच्या रोजगारात त्याची खूण शोधू नका.

घरबांधणीच्या परवान्यांचे आकडे फार उड्या मारतात. २०० घरांची एक इमारत मंजूर झाली की लहान काउंटीचा महिना विक्रमी दिसतो. एककुटुंबी घरं वेगळी काढा आणि बारा महिन्यांची फिरती बेरीज, म्हणजे दर महिन्याला शेवटच्या बारा महिन्यांची बेरीज, वापरा.

विक्रीकराची सगळ्यात मोठी अडचण तारखेची. टेक्सासमध्ये मार्चमध्ये स्थानिक संस्थांना वाटलेली रक्कम मुख्यतः जानेवारीतल्या विक्रीची असते. शिवाय ऑडिटमधून निघालेली थकबाकी मध्येच येऊन महिना फुगवते. महागाईही वजा करायला हवी. काउंटीसाठी वेगळा ग्राहक किंमत निर्देशांक नसतो, तेव्हा त्या भागाचा प्रादेशिक निर्देशांक चालवून घ्यावा लागतो. कर ३ टक्के वाढला आणि भाव ४ टक्के, तर खरी विक्री घटलीच आहे.

शेवटचा रकाना आकडे उतरवून घेतल्याच्या तारखेचा. बेरोजगारीचा ताजा महिना प्राथमिक असतो, पुढच्या महिन्यात तो सुधारला जातो. शिवाय दर वर्षी मागची काही वर्षंही नव्याने मोजली जातात. तसं झालं की पूर्ण मालिका परत उतरवून घ्या. फक्त नवे महिने खाली चिकटवले, तर जोडावर दिसणारी उडी अर्थव्यवस्थेची नसते, तुमच्या तक्त्याची असते.