गाणं नीट ऐकायचं असेल तर थोडा तबला शिकून घ्या

आपल्याकडे नागपुरात सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल असली की अर्धे लोक बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, 'वाह' म्हणतात आणि उरलेले त्यांच्याकडे बघून टाळी वाजवतात. दुसऱ्या गटात असाल तर हे तुमच्यासाठी आहे. कलाकार वगैरे व्हायचं नाही, परीक्षा द्यायच्या नाहीत, फक्त कान उघडायचे.

पहिला महिना तबला विकतच घेऊ नका. त्रिताल हातावर धरायला शिका, सोळा मात्रा म्हणजे सोळा ठोके, १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला हात बाजूला म्हणजे काल. मोबाईलवर लेहऱ्याचं (तालाच्या मापाची एकच धून पुन्हा पुन्हा वाजवणारं) एखादं ॲप टाका, लय मध्यम ठेवा आणि तोंडाने बोल म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. भाजी चिरताना, सिग्नलवर, कुठेही. बोअर होतं भाऊ, पण हेच सोडलं तर पुढचं सगळं हवेत.

मग कोणाकडे तरी प्रत्यक्ष जा, व्हिडिओवरून बोटं कशी पडतात ते दिसतं पण आपलं कुठे चुकतंय ते तो व्हिडिओ थोडीच सांगणार. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर, हात पडला की एक गोष्ट कळेल जी नुसतं ऐकून सहसा कळत नाही. काल नवव्या मात्रेला असतो पण तिथे 'धा' आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. त्याचा घुमारा गायब होतो दहाव्याला, 'तिं' वर, आणि चौदाव्याच्या 'धिं' ला परत येतो. स्वतःच्या डाव्या हाताने हे केलं ना, की पुढे कोणतंही त्रितालातलं गाणं लावा, ती चार मात्रांची पोकळी आपोआप ऐकू येते. गायक तान घेऊन कुठेही भटकत असू द्या, आपण कुठे आहोत ते तुम्हाला माहीत असतं!

यानंतर तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. एकदम सोपी घ्या, 'तिट कत धा', तीन मात्रांची. नवव्या मात्रेपासून तीनदा म्हणा, शेवटचा धा बरोबर समेवर पडतो (३ त्रिक ९, मोजून बघा). हे एकदा हातात बसलं की झाकीर हुसेन यांचं रेकॉर्डिंग काढून ऐका, तिहाई सुरू झाली की सम कुठे येणार याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला चुकेलच, पण त्या चुकण्यातही मजा आहे, क्रिकेट बघताना रिव्ह्यूची वाट बघावी तशी.

घरात पेटी असेल तर तीही छेडा. पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, मधला रस्ता नाहीच, म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. एखादी ओळ पेटीवर काढायचा प्रयत्न करा आणि मग गायकाची तीच ओळ ऐका, तो मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाताना, काय करतोय ते तेव्हा कुठे कळतं.

एक नागपुरी सूचना, तबला कूलरसमोर ठेवू नका. मे मध्ये कोरड्या हवेत कातडं ताणून सूर वर चढतो, कूलरच्या ओल्या हवेत उतरतो, आणि तुम्ही सूर मिळवायला बाजूचे लाकडी गट्टे ठोकत बसाल. पण सूर मिळवायला शिकाच, चाटेवर (तबल्याच्या कडेवर) बोट मारून सगळीकडून एकसारखा आवाज येतोय का हे ऐकणं हाच कानाचा सगळ्यात चांगला व्यायाम आहे असं माझं मत.

विलंबित (अगदी संथ) एकतालाच्या नादी मात्र एवढ्यात लागू नका. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा एक फेरा, कधीकधी मिनिटभर चालतं, मोजता मोजता झोप लागते. तोवर मध्यलय त्रितालातल्या बंदिशी ऐका, हात मांडीवर, बोल मनात.