हिमबिबट्याच्या आधी गोठ्यातली चामखीळ

कोल्हापुरात तोंडाचा कॅन्सर म्हटलं की विषय तंबाखूवरच येतो. प्राणिसंग्रहालयातल्या हिमबिबट्यालाही तो होतो, असं घरी सांगितल्यावर मामांनी विचारलं, "तो कुठली मळतो?"

तिथं संशय पॅपिलोमा व्हायरसवर, म्हणजे चामखीळ आणणाऱ्या विषाणूवर आहे. बंदिवासातल्या हिमबिबट्यांच्या तोंडात चामखिळीसारख्या गाठी येतात, काहींना स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर होतो, आणि त्यांच्या गाठींत त्यांच्याच जातीचा व्हायरस सापडला आहे. आशियाई सिंहाच्या जिभेखालीही गाठी येतात, पण त्यांचा व्हायरस वेगळा. हे व्हायरस सहसा आपली जात सोडत नाहीत.

प्राण्यांच्या अशा कॅन्सरवर काम करायच्या वाटेला यायचं तर बारावी सायन्स, नीट, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी. आपल्याला शिरवळचं कॉलेज जवळ. पुढं एम.व्ही.एस्सी.ला मात्र पॅथॉलॉजी, म्हणजे पेशी तपासून रोग ओळखायचा विषय घ्या, हे माझं स्पष्ट मत. वाघ बघायला मिळतो म्हणून वाइल्डलाइफकडे पळणारे पुष्कळ भेटतात. स्लाइड वाचणारं माणूस शोधावं लागतं.

हात बसतो गोठ्यात. करवीर-कागलकडं सडाला चामखीळ आलेली गाय बघायला मिळाली, तर सोडू नका; तीही पॅपिलोमाचीच. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेताना गाठीची कड आणि लगतचा चांगला भाग एकत्र येऊ दे. एक तुकडा दहापट फॉर्मलिनमध्ये, दुसरा पीसीआरसाठी (व्हायरसचा डीएनए शोधायची चाचणी) कोरड्या नळीत, थेट बर्फावर. फॉर्मलिनमध्ये डीएनएची मोडतोड होते, म्हणून ही दोन भांडी. स्लाइडवर सुरकुतलेलं केंद्रक आणि त्याभोवती पांढरी पोकळी दिसली, की ती कोयलोसाइट, पॅपिलोमा व्हायरसनं बिघडवलेली पेशी. एकदा नजरेत बसली की विसरत नाही.

आता खरी मेख. पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून कॅन्सर व्हायरसनंच केला, असं ठरत नाही. निरोगी तोंडातही तो मुकाट राहू शकतो. माणसाच्या पॅपिलोमा व्हायरसच्या एचपीव्ही-16 या प्रकारात ई6 आणि ई7 ही प्रथिनं पी53 आणि आरबी या पेशींच्या राखणदारांना निकामी करतात. म्हणून नुसता डीएनए बघू नका, गाठीत ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचा आरएनए तयार होतोय का, म्हणजे ती जनुकं चालू आहेत का, तेही बघा. स्कॉटलंडच्या गुरांत तर व्हायरसच्या जोडीला ब्रॅकन नेचं खाण्यात आलं, की अन्ननलिकेतल्या साध्या गाठी कॅन्सरकडं वळतात. एकटा व्हायरस बहुतेकदा तेवढं करत नाही.

मोठ्या मांजराचं तोंड भुलीशिवाय नीट तपासता येत नाही. त्यामुळं दुसऱ्या कशासाठी भूल दिली असली, तरी जीभ उचलून खाली बघायची आणि फोटो काढायचा. हिमबिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला, त्यामुळं नमुन्याच्या परवानगीला वेळ लागतो. अर्ज आधी टाका, प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) नंतर मागवा.