इकारससारखा प्रिंट घरी करायचाय? रंग दाट ठेवा

फ्रेंच चित्रकार मातीसचा 1947 चा इकारस हा प्रिंट बघितलाय ना, निळ्या आकाशात काळी आकृती, छातीवर लाल ठिपका, आजूबाजूला पिवळे तारे, तो पोश्वार पद्धतीने केलाय म्हणजे स्टेन्सिल ठेवून हाताने गवाश (अपारदर्शक जलरंग) लावलाय. तसं करायचं तर प्रत्येक रंगाला वेगळं स्टेन्सिल कापा, जुनी ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट) मस्त चालते. पोस्टर कलर दाटच घ्या, ब्रश रद्दीवर टिपून घ्या आणि उभा धरून कडेकडून आत ठोकत या, घासलात की रंग कडेखाली शिरलाच समजा. निळा पूर्ण वाळल्याशिवाय काळा लावू नका. आणि लाल ठिपका, चित्राचा सगळा जीव त्यातच आहे, काळ्यावर थेट दिलात तर मळकट दिसतो, आधी पांढरा द्या, वाळला की वर लाल.