डिग्री बदलताना अर्थ कसा सांभाळावा

इंग्रजी व्याकरणात वाक्याची डिग्री, म्हणजे विशेषणाने तुलना दाखवण्याची पद्धत, बदला असा प्रश्न आला की आमच्या नाशिकची दहावीची मुले ‘नो अदर’, ‘एनी अदर’ ही पाठ केलेली सूत्रे आठवू लागतात. माझे मत असे की, सूत्राकडे वळण्याआधी वाक्य मराठीत म्हणून पाहावे आणि तुलना एकाची सगळ्यांशी आहे, बहुतेकांशी आहे की केवळ दोघांमधली आहे, हे ठरवावे.

बागलाणातील १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. सुपरलेटिव्हमध्ये, म्हणजे ‘सर्वांत उंच’ या रूपात, हे वाक्य ‘साल्हेर इज द हायेस्ट फोर्ट इन महाराष्ट्र’ असे होते, कम्पॅरेटिव्हमध्ये, म्हणजे ‘पेक्षा उंच’ या रूपात, ‘साल्हेर इज हायर दॅन एनी अदर फोर्ट इन महाराष्ट्र’ असे, तर पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे विशेषणाच्या मूळ रूपात, ‘नो अदर फोर्ट इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज साल्हेर’ असे. यातील ‘अदर’ अजिबात गाळू नये. साल्हेर हाही महाराष्ट्रातीलच किल्ला असल्यामुळे, ‘अदर’ गाळल्यास तो स्वतःपेक्षाच उंच आहे असा अर्थ निघतो. ‘साल्हेर इज हायर दॅन एनी फोर्ट इन कोकण’ या वाक्यात मात्र साल्हेर त्या गटात मोडतच नाही, म्हणून तेथे ‘अदर’ नको.

‘नाशिक इज वन ऑफ द ओल्डेस्ट सिटीज इन महाराष्ट्र’ या वाक्यात नाशिक एकटे अग्रस्थानी नाही. म्हणून ‘नाशिक इज ओल्डर दॅन मोस्ट अदर सिटीज इन महाराष्ट्र’ किंवा ‘व्हेरी फ्यू सिटीज इन महाराष्ट्र आर ॲज ओल्ड ॲज नाशिक’ असे लिहावे. ‘व्हेरी फ्यू’नंतर नाम अनेकवचनी येते आणि क्रियापद ‘आर’ होते.

दोघांच्या तुलनेला सुपरलेटिव्ह लागत नाही. ‘द गोदावरी इज लाँगर दॅन द कृष्णा’ याचे पॉझिटिव्ह ‘द कृष्णा इज नॉट ॲज लाँग ॲज द गोदावरी’ असे होते. वह्या तपासताना मला येथेच सर्वाधिक चुका आढळतात: ‘नॉट’ लिहिलेले असते, पण नद्यांच्या नावांची अदलाबदल राहून गेलेली असते, आणि त्यामुळे गोदावरीच लहान ठरते.

मराठीत ‘उंच’ हा शब्द ‘पेक्षा उंच’ आणि ‘सर्वांत उंच’ यांतही तसाच राहतो. इंग्रजीत मात्र विशेषणच रूप बदलते, म्हणून ‘अधिक उंच’ मनात धरून ‘मोअर हायर’ लिहू नये. ‘मोअर’ हे ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब विशेषणांसाठी राखून ठेवावे.