आघातानंतर गळा आवळला जात असेल तर: गायकांसाठी सावकाश रियाजाचा क्रम

भीतीनं तोंडातून शब्द फुटत नाही, दुःखानं कंठ दाटून येतो. हे नुसते वाक्प्रचार नाहीत. स्वरयंत्राचं मूळ काम गाणं नव्हेच. अन्नपाणी श्वासनलिकेत शिरू नये म्हणून दार लावून घेणं, हे त्याचं पहिलं काम. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा शिकवणाऱ्याकडूनच वर्षानुवर्षं झालेला पाणउतारा, असं काही सोसलेल्या शरीरात धोका टळल्यावरही हे दार चटकन लागतं. वरच्या सा ला गळा आवळतो, श्वास अर्ध्यावर थांबतो, कुणी ऐकतंय म्हटलं की आवाज कापतो. अशा वेळी ‘गळा मोकळा सोड’ म्हणून दरडावलं तर तो आणखी मिटतो. म्हणून या क्रमात आवाज सगळ्यात शेवटी येतो.

आधी तपासणी

आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल, गाताना दुखत असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वररज्जू तपासून घ्या. कुणी गळा दाबला असेल तर वरून खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सगळंच ‘मनाचं’ म्हणून सोडून देऊ नका.

जागा आणि थांबायची मुभा

दार नजरेसमोर राहील असं बसा. पाठीला भिंत असली तर उत्तम. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. कधीही थांबता येईल, हे स्वतःला आधीच सांगून ठेवा. डोळे मिटायची सक्ती नाही.

शरीर

उभं राहून तळव्यांवरचा भार थोडा पुढे, थोडा मागे न्या. मग खांदे, मग जबडा सैल करा. मार्जारासन चांगलं, कारण पाठ हलते आणि श्वास तिच्यामागून आपोआप येतो. उष्ट्रासन, मत्स्यासन मात्र सध्या बाजूला ठेवा. मान मागे टाकून गळा उघडा पडला की अनेकांना असुरक्षित वाटतं. शवासनात जीव घाबरत असेल तर बसूनच विसावा घ्या.

श्वास

स्वरयंत्राच्या स्नायूंना संदेश नेणारा आणि हृदयाची गती उतरवणारा मज्जातंतू एकच, वेगस. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला थोडा जास्त वेळ द्या, पण ताणू नका. कुंभक, कपालभाती, भस्त्रिका इथे नकोत. दम कोंडणं आणि धाप लागणं या दोन्ही गोष्टी शरीराला जुन्या भीतीची आठवण देऊ शकतात. श्वासाकडे लक्ष देणंच नकोसं होत असेल तर ते सोडून द्या, हात सावकाश वर-खाली करा.

आता आवाज

ग्लासात थोडं पाणी घ्या, स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवा आणि सोयीच्या स्वरात बुडबुडे काढा. तोंड जवळजवळ बंद असल्यानं हवेचा थोडा दाब मागे येतो आणि स्वररज्जू एकमेकींवर आपटण्याऐवजी हलकेच भेटतात. अमेरिकी आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी स्ट्रॉचा हा सराव जगभर पोचवला. मला तो आणखी एका कारणासाठी प्रिय आहे. यात आवाज ‘चांगला’ लागायलाच हवा असं ओझं नसतं.

तीन-चार मिनिटांनी ओठ मिटून हुंकार, मग भ्रामरी. कान आणि डोळे बोटांनी बंद करू नका. गुंजन ओठांवर, गालांवर जाणवलं की काम झालं. त्यानंतरच खालच्या किंवा मधल्या पट्टीत छोटा आ-कार. तो आज नाही लागला तर पुन्हा हुंकारावर या.

मध्येच रडू आलं तर येऊ द्या, पण त्यावर गाऊ नका. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, पाणी प्या. रडल्यानं स्वररज्जू सुजू शकतात, तेव्हा त्या दिवशी तार सप्तक नको.

शिकवणाऱ्यांसाठी

विद्यार्थ्याच्या पोटाला, बरगड्यांना, जबड्याला हात लावून दाखवायची सवय सोडा. परवानगी विचारली तरी गुरूला ‘नको’ म्हणायचं बळ कितीजणांत असतं? स्वतःच्या अंगावर दाखवा. ‘असं कर’ऐवजी ‘बसून करायचं की उभ्यानं?’ असं विचारा. डेव्हिड इमर्सन यांनी अमेरिकेत घडवलेल्या, आघाताचं भान ठेवणाऱ्या योगाचा गाभा हाच आहे: हुकूम नाही, निवड आहे. याच पद्धतीच्या पूरक वापराचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या आघातोत्तर ताणविकाराच्या 64 स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवड्यांनंतर योग गटातल्या 31 पैकी 16 जणी त्या निदानाच्या बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या 29 पैकी 6.

पूरक हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहत असेल, झोप उडाली असेल, तर या सरावाबरोबर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. गाण्याच्या शिक्षकांना यातलं किती सांगायचं, की काहीच नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. ‘आज वरचे स्वर नकोत’ एवढंही पुरतं.