बंदूक-कारागिराच्या कारकिर्दीबद्दलच्या आठवणी जुळत नाहीत? शहानिशा अशी करा

एक म्हणतो, त्या कारागिराने १९४६ साली दुकान टाकलं. दुसरा छातीठोकपणे १९५२ सांगतो. अशा वेळी ‘१९४९च्या सुमारास’ लिहून मोकळं व्हा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. ते साल कुणालाच आठवत नसतं, पण एकदा छापलं की पुढचे सगळे तेच उचलतात. खालची पद्धत विसाव्या शतकातल्या अमेरिकन कस्टम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक रायफल घडवणाऱ्या, कारागिरांसाठी आहे.

आधी आठवणीचे तुकडे पाडा. ‘दुकान टाकलं’ म्हणजे नेमकं काय? दुसऱ्याच्या हाताखालची उमेदवारी, स्वतःच्या नावाने विकलेली पहिली रायफल, नोकरी सांभाळून केलेलं संध्याकाळचं काम, की नोकरी सोडून पूर्णवेळ धंदा? बरेचसे वाद इथेच मिटतात. नळी बसवणारा, लाकडी दस्ता घडवणारा आणि कोरीवकाम करणारा ही अनेकदा वेगवेगळी माणसं असतात, हेही ध्यानात ठेवा.

मग प्रत्येक तुकड्यापुढे नोंदवा: डोळ्यांदेखतचं की ऐकीव? दोघांनी एकच मृत्युलेख वाचला असेल, तर साक्षीदार एकच. सांगणाऱ्याला थेट साल विचारू नका. तेव्हा तुम्ही कुठे राहत होता, लग्न झालं होतं का, असं विचारा.

खरी कसोटी रायफल वाचताना लागते, आणि चुकाही इथेच होतात. सिरीयल नंबरवरून ॲक्शन (काडतूस भरणारी-उडवणारी मधली यंत्रणा) कारखान्यात कधी बनली ते कळतं, कारागिराने तिच्यावर कधी काम केलं ते नाही. ॲक्शन वीस वर्षं कपाटात पडून राहू शकते. उदाहरणार्थ, विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० रायफल बाजारात आली १९३६ मध्ये. तिच्यावरचं काम त्यानंतरचं, एवढंच सिद्ध होतं. म्हणजे कुठलाही भाग फक्त ‘याच्या आधी नाही’ असं सांगतो, आणि मूळच्या भागांतला सर्वांत उशिराचा भाग निर्णायक ठरतो.

पण तो भाग मूळचाच आहे का? दस्त्यातल्या खाचेत नळी कशी बसली आहे ते पाहा. चांगला कारागीर तिथे फटच ठेवत नाही. एका बाजूला फट असेल किंवा खाचेतलं लाकूड नव्याने तासल्यासारखं उजळ दिसत असेल, तर नळी नंतर बदललेली असण्याचा दाट संशय धरा. तशा नळीवरून साल काढू नका.

नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. .३०८ विंचेस्टर १९५२चं, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२चं. मात्र .२५-०६ हे कारागिरांमध्ये कित्येक दशकं चालत होतं. रेमिंग्टन कंपनीने ते कारखान्यात घेतलं १९६९ मध्ये. नळीवर नुसतं ‘.२५-०६’ असेल तर त्यावरून काही ठरत नाही. पुढे ‘रेमिंग्टन’ कोरलेलं असेल, तर ती अक्षरं १९६९च्या आधीची नाहीत. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) नंतर मोठा केलेला असू शकतो, म्हणून पुसलेल्या जुन्या अक्षरांच्या खुणाही शोधा.

बट-प्लेटच्या (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरच्या पट्टीच्या) आत आणि नळीच्या खाचेत पेन्सिलीने नाव-तारीख लिहिलेली सापडू शकते. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा, समांतर टोकाचाच स्क्रूड्रायव्हर वापरा. पाचरीच्या आकाराचा स्क्रूचं डोकं कुरतडतो. आत तेल किंवा सॉल्व्हंट फिरवू नका, पेन्सिल पुसली जाते. तिरपा उजेड टाकून फोटो काढा.

नंबर नाही म्हणून रायफल बनावट ठरवू नका. अमेरिकेत १९६८च्या बंदूक-नियंत्रण कायद्याआधी प्रत्येक बंदुकीवर नंबर सक्तीचा नव्हता.

‘याच्यानंतर नाही’ ही मर्यादा कागदांतून मिळते: तारखेचं बिल, मासिकातली जाहिरात, शहराची जुनी डिरेक्टरी. बिनतारखेच्या लेटरहेडवर पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) छापलेला असेल, तर ते १९६३च्या आधीचं नाही. अमेरिकेची १९५०ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. तिच्यातला व्यवसायाचा रकाना जरूर पाहा. बंद पडलेल्या परवानाधारक दुकानांच्या नोंदवह्या वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला सरकारजमा होतात, पण त्या सर्वसामान्यांना पाहायला मिळत नाहीत. त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

शेवटी लिहिताना एकच साल रेटू नका. ‘रायफलीवरून १९५२नंतर, बिलावरून १९५५पूर्वी’ असं लिहा आणि न जुळणारी आठवण, ती पाहिलेली की ऐकलेली हे नमूद करून, तिथेच शेजारी ठेवा.